मुदतीचा परवाना : बोरघाटाची वाट ते कमांड लाइन

घाट आणि चार प्रश्न

कर्जत तालुक्यात राजमाचीच्या डोंगराच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे हे गाव आहे आणि गावाच्या वरच्या अंगाला, दाट रानात, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेली बौद्ध लेणी आहेत. लाकडी बांधकामाचे बारकावे दगडात उतरवणारा तेथील चैत्यगृहाचा दर्शनी भाग कलेच्या अभ्यासकांना महत्त्वाचा वाटत आला आहे. परंतु व्यापाराच्या इतिहासाच्या दृष्टीने लेण्यांचे स्थानही तितकेच बोलके आहे. कल्याण, शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा, आणि चौल या बंदरांत उतरलेला माल जुन्नर, तेर आणि प्रतिष्ठान म्हणजे पैठण या नगरांकडे ज्या वाटांनी सह्याद्री चढून जात असे, त्यांच्या जाळ्यात हे खोरे मोडत होते आणि घाटमाथ्यावरची कार्ले, भाजे व बेडसे ही लेणी त्याच वाहतुकीच्या पुढच्या टप्प्यांवर उभी राहिली.

सपाट मुलुखात नाक्याला वळसा घालून जाता येते, घाटात मात्र तसा वळसा सहसा मिळत नाही. म्हणून ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवण्याचे सामर्थ्य असते. खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी घाट उतरून आलेले कारतलबखानाचे मोगली सैन्य शिवाजी महाराजांनी कोंडले, ते याच भूरचनेच्या बळावर. आणि बोरघाटाच्या वाटेवर नजर ठेवणाऱ्या राजमाचीचे श्रीवर्धन व मनरंजन हे दोन बालेकिल्ले पुढे आंगरे, पेशवे आणि १८१८ मध्ये इंग्रज अशा ज्या ज्या सत्तेकडे गेले, तिने त्यांना मोल दिले तेही याच कारणाने. अशा वाटेच्या राखणदाराला प्रत्येक वाटसरूबाबत चार प्रश्न विचारावे लागतात : हा कोण आहे, कोणाच्या शब्दावर आला आहे, त्याला कशाची मुभा आहे, आणि ती कधीपर्यंत आहे.

आजच्या संगणकाच्या जगात हेच चार प्रश्न नव्या जागी उभे राहिले आहेत. स्वतःच्या कचेरीत यंत्रे न ठेवता दुसऱ्या कंपनीच्या प्रचंड यंत्रशाळेतील गणनशक्ती व साठवण भाड्याने घेण्याच्या व्यवस्थेला क्लाउड म्हणतात आणि त्या व्यवस्थेतील एखाद्या संस्थेच्या ताब्यातील भागाला तिचे क्लाउड खाते म्हणतात. हे खाते चालवणारे अभियंते पडद्यावरील चित्रांवर टिचक्या मारण्यापेक्षा बहुधा कमांड लाइन वापरतात. म्हणजे काळ्या चौकटीत लेखी आज्ञा टाइप करून यंत्राकडून काम करून घेतात. अशा एका ओळीच्या आज्ञेने शेकडो यंत्रे उभी राहू शकतात किंवा लाखो लोकांची नोंद पुसली जाऊ शकते, आणि म्हणूनच आज्ञा देणाऱ्याने सोबत पाठवायचे अधिकारपत्र, ज्याला या व्यवसायात क्रेडेन्शियल म्हणतात, हा सुरक्षिततेचा कळीचा मुद्दा ठरतो. पहिले तीन प्रश्न सर्व काळातील व्यवस्थांनी विचारले आहेत. चौथ्या प्रश्नाकडे मात्र वारंवार दुर्लक्ष झाले असून त्या दुर्लक्षाची किंमत प्रत्येक वेळी मोठी मोजावी लागली आहे, असे या इतिहासातून दिसते.

मुद्राध्यक्ष आणि अंतेवासी

प्रवेशाच्या परवान्याचे सविस्तर नियम कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात आढळतात. तेथे मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी सांगितला असून त्याने एक माषक शुल्क घेऊन मुद्रा, म्हणजे शिक्का उमटवलेला परवाना, द्यावा. ज्याच्याजवळ मुद्रा आहे त्यालाच जनपदात शिरण्याची किंवा जनपदातून बाहेर पडण्याची मुभा असावी. विनामुद्रा सापडणाऱ्या जनपदवासीयाला बारा पण दंड व्हावा. आणि बनावट मुद्रा बाळगणाऱ्याला त्याहून जबर शिक्षा व्हावी, अशी ती व्यवस्था आहे. मुद्रा देणारा मुद्राध्यक्ष आणि रानावाटांवर ती तपासणारा विवीताध्यक्ष हे दोन वेगळे अधिकारी मानलेले आहेत, ही त्यातील लक्षणीय बाब होय. परवाना देणारा हात आणि परवाना पाहणारा डोळा वेगळे ठेवण्याचे हे तत्त्व पुढे संगणकशास्त्रानेही स्वीकारले.

कोंडाण्याच्या लेण्यात प्रवेशाचा कोणताही परवाना कोरलेला नाही. परंतु चैत्यगृहाच्या दर्शनी भागातील भग्न यक्षमूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे आणि त्यात हे काम कण्ह याचा अंतेवासी, म्हणजे शिष्य, असलेल्या बलकाने केले असे नोंदले आहे. बलकाने स्वतःची ओळख कुळाने किंवा गावाने सांगितलेली नसून गुरूच्या नावाने सांगितली आहे. प्राचीन भारतीय लेखांत ही रीत सर्रास आढळते आणि तिच्यामागे अनोळखी माणसाला ओळखीच्या माणसाच्या विश्वासावर स्वीकारण्याची सामाजिक पद्धत आहे. त्याचप्रमाणे आजच्या क्लाउडच्या खात्याला प्रत्येक कर्मचारी ओळखीचा असण्याची गरज नसते; कर्मचाऱ्याच्या संस्थेने त्याची हमी दिली की पुरते, आणि या हमीच्या व्यवस्थेला आज फेडरेशन असे नाव आहे. दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे ‘कोणाच्या शब्दावर’ या प्रश्नाचे, उत्तर देण्याची ही रीत अशी फार जुनी आहे.

चौलचा समुद्र : कार्ताझ आणि दस्तक

आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर परवान्याची कल्पना अधिक काटेकोर झाली. १६व्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात कार्ताझ नावाचा परवाना सुरू केला आणि गोवा, दीव, वसई व चौल येथील त्यांच्या ठाण्यांच्या भोवतीच्या समुद्रात त्याची सक्ती केली. कार्ताझावर जहाजाचे व तांडेलाचे नाव, जहाजाचा आकार, त्यावरील शस्त्रे, माल आणि जायचे बंदर लिहिलेले असे. काही माल व काही माणसे नेण्यास मनाई केलेली असे. आणि तो बहुधा एका सफरीपुरता किंवा ठरावीक मुदतीपुरता चाले. वाटेत पोर्तुगीज गस्तीने जहाज अडवले आणि कागद व प्रत्यक्ष माल यांत फरक पडला, तर जहाज जप्त होई. मोगल बादशहांची जहाजेसुद्धा या कागदावाचून सुरक्षित नव्हती. नैतिक दृष्टीने ही समुद्रावरची खंडणीच होती, यात शंका नाही. परंतु कागदाची रचना म्हणून पाहिले, तर एका परवान्यात नाव, हेतू, मर्यादा आणि मुदत या चारही बाबी एकत्र बांधण्याचा तो अत्यंत पूर्ण असा नमुना होता.

१८व्या शतकाच्या पूर्वार्धात कुलाबा आणि विजयदुर्ग हाती असलेल्या सरखेल कान्होजी आंगरे यांनी हाच अधिकार मराठ्यांच्या बाजूने बजावला. आपल्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक, म्हणजे परवाना, घेतले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता आणि दस्तक न घेणारी जहाजे त्यांचे आरमार पकडत असे. मुंबईकर इंग्रजांनी या वर्तनाला चाचेगिरी म्हटले, तरी वादाचे मूळ सार्वभौमत्वात होते; कोकणच्या समुद्रात परवाना देण्याचा हक्क कोणाचा, या प्रश्नावर ही भांडणे झाली. परवाना म्हणजे देणाऱ्याच्या सत्तेचा अंश असतो आणि घेणारा तो अंश घेऊन फिरतो, ही जाणीव त्या संघर्षात दोन्ही पक्षांना स्पष्ट होती.

शिक्का, मोर्तब आणि मुदत नसलेले दस्तक

मराठेशाहीच्या दप्तराने अधिकारपत्राच्या शास्त्रात आणखी दोन गोष्टी पक्क्या केल्या. राजपत्राच्या माथ्यावर शिक्का उमटत असे आणि मजकूर संपताच मोर्तब, म्हणजे समाप्तीची छोटी मुद्रा, उमटत असे. ‘मर्यादेयं विराजते’ हे शब्द असलेली शिवाजी महाराजांची मोर्तब प्रसिद्ध आहे. शिक्क्यामुळे पत्र कोणाचे ते कळे आणि मोर्तबेमुळे त्याच्या पुढे कोणालाही एक अक्षर वाढवता येत नसे. त्याशिवाय पत्र रवाना होण्याआधी ते दप्तरी रुजू झाल्याची खूण त्यावर होत असे, त्यामुळे दिलेल्या प्रत्येक अधिकाराची नोंद देणाऱ्याच्या घरी राहत असे. अधिकार एका हातात साचू नये यासाठीही विचार झालेला दिसतो. १७व्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत गडावर हवालदार, सरनौबत आणि सबनीस असे तीन बरोबरीचे अधिकारी नेमून त्यांनी एकविचाराने कारभार करावा ही पद्धत वर्णिली आहे; तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील अधिकाऱ्यांच्या ठरावीक काळाने बदल्या कराव्यात असे सांगितले आहे. अधिकारी कितीही विश्वासू असला तरी गड त्याच्याकडे कायमचा राहू नये, हा त्यामागचा हेतू होता.

परवान्याला ही बंधने नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण १८व्या शतकात बंगालमध्ये घडले. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियर याने ईस्ट इंडिया कंपनीला वार्षिक ३,००० रुपयांच्या मोबदल्यात बंगालमधील व्यापारावर जकातमाफी दिली आणि कंपनीच्या अधिकाऱ्याने दिलेले दस्तक दाखवले की माल नाक्यांवरून विनाजकात सुटू लागला. ही सवलत कंपनीच्या मालापुरती होती. परंतु दस्तक देणारा हात कंपनीचाच, त्यावर बाहेरच्या कोणाची तपासणी नाही आणि सवलतीला अखेरची तारीख नाही, अशा स्थितीत कंपनीच्या नोकरांनी ती दस्तके स्वतःच्या खासगी व्यापाराला लावली आणि देशी व्यापाऱ्यांना विकलीसुद्धा. नबाब सिराजुद्दौला आणि कंपनी यांच्यातील वैराचे हे एक प्रमुख कारण होते. पुढे मीर कासिमाने गैरवापर थांबत नाही हे पाहून १७६३ मध्ये सर्वच व्यापाऱ्यांची अंतर्गत जकात रद्द केली, त्यातून युद्ध पेटले आणि २२ ऑक्टोबर १७६४ रोजी बक्सारच्या लढाईने त्याचा शेवट झाला. हस्तांतर करता येणारा, मर्यादा न पाळणारा आणि न संपणारा परवाना एका राज्याचा पाया कसा पोखरू शकतो, हे या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

रेल्वेचे टोकन

बोरघाटात १८३० मध्ये गाड्यांचा रस्ता खुला झाला आणि १८५६ पासून सुरू असलेले रेल्वेचे कठीण काम १८६३ मध्ये पूर्ण होऊन कर्जतकडून खंडाळ्याकडे आगगाडी चढू लागली. रेल्वेने अधिकारपत्राच्या इतिहासात एक नवीन अडचण आणली : एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या. इंग्लंडमध्ये १० सप्टेंबर १८७४ रोजी नॉरिचजवळ थॉर्प येथे एकेरी मार्गावर दोन गाड्यांची भीषण टक्कर झाली आणि त्यानंतर एडवर्ड टायर याने १८७८ मध्ये विजेवर चालणारे असे यंत्र सिद्ध केले, की दोन स्थानकांदरम्यानच्या टप्प्यासाठी एका वेळी एकच टोकन बाहेर निघू शकेल. चालकाच्या हाती ते टोकन असेल तरच त्याने टप्प्यात शिरायचे आणि पलीकडच्या स्थानकात पोहोचताच ते परत करायचे. ते यंत्रात परत गेल्याशिवाय दुसरे निघत नाही. भारतीय रेल्वेच्या एकेरी मार्गांवर नील यांचे टोकन यंत्र दीर्घकाळ वापरात राहिले आणि त्यातून निघणारा धातूचा गोळा वेताच्या कड्याला बांधलेल्या पिशवीतून धावत्या इंजिनावर दिला जाई.

या टोकनाचा अधिकार एका टप्प्यापुरता आणि एका फेरीपुरता होता. चालक कितीही अनुभवी असो, त्याची नोकरी कितीही जुनी असो, त्याच्या अंगी टप्प्यात शिरण्याचा कायमचा अधिकार नव्हता. तो प्रत्येक वेळी मागावा लागे आणि प्रत्येक वेळी परत द्यावा लागे. माणसाची पात्रता आणि त्याला या क्षणी असलेली मुभा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तत्त्व रेल्वेने यंत्रातच बसवले.

परवलीच्या शब्दापासून तिकिटापर्यंत

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६०च्या दशकाच्या आरंभी फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था उभी राहिली आणि तिच्यात प्रत्येकाचे काम वेगळे राखण्यासाठी पासवर्डचा, म्हणजे परवलीच्या शब्दाचा, वापर सुरू झाला. किल्ल्यावरची परवल रोज बदलत असे. संगणकावरचा पासवर्ड मात्र वर्षानुवर्षे तोच राहू लागला. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणक-सुरक्षेची तत्त्वे मांडणारा जो निबंध लिहिला, त्यात प्रत्येक कार्यक्रमाला व वापरणाऱ्याला काम पार पाडण्यापुरताच, किमान अधिकार असावा, हे तत्त्व ठळकपणे आले.

कमांड लाइनवर या तत्त्वाचा एक साधा आविष्कार १९८०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील केंद्रात झाला. युनिक्स या संगणक-प्रणालीत सर्वाधिकारी वापरकर्ता, ज्याला रूट म्हणतात, सगळे काही करू शकतो. परंतु सतत रूट होऊन बसणे धोक्याचे असते. म्हणून तेथील बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी सुडो नावाची आज्ञा लिहिली. तिच्यामुळे सामान्य वापरकर्ता एका आज्ञेपुरता रूटचा अधिकार घेऊ शकतो. पुढे एकदा पासवर्ड दिल्यावर तो काही मिनिटेच ग्राह्य धरण्याची सोय तिच्यात आली, आणि अधिकाराला घड्याळ जोडले गेले.

त्याच दशकात मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या १९८३ मध्ये सुरू झालेल्या अथेना प्रकल्पातून कर्बेरोस ही व्यवस्था निघाली. रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर ती आधारलेली होती. वापरणाऱ्याने दिवसाच्या आरंभी एकदा स्वतःची ओळख पटवायची, मध्यवर्ती सेवकाने त्याला काही तासांत बाद होणारे गुप्तलिखित तिकीट द्यायचे आणि त्या तिकिटावर छपाई, टपाल किंवा साठवण अशा प्रत्येक सेवेसाठी वेगळे, तितकेच अल्पजीवी तिकीट मिळवायचे, अशी तिची रचना होती. सेवेला वापरणाऱ्याचा पासवर्ड कधीच दिसत नसे. आजच्या क्लाउडमधील मुदतीच्या अधिकारपत्रांचा थेट पूर्वज हाच होय.

क्लाउडची कायमची किल्ली

क्लाउडच्या आरंभी मात्र हा धडा काही काळ बाजूला राहिला. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस या कंपनीने मार्च २००६ मध्ये एसथ्री ही साठवणसेवा आणि त्याच वर्षी ईसीटू ही गणनसेवा बाजारात आणली, तेव्हा खातेदाराला दोन अक्षरमाला मिळत : एक ॲक्सेस की आयडी, म्हणजे किल्लीचा क्रमांक, आणि दुसरी सीक्रेट ॲक्सेस की, म्हणजे गुप्त किल्ली. कमांड लाइनवरून पाठवलेल्या प्रत्येक विनंतीवर या गुप्त किल्लीच्या साहाय्याने गणिती स्वाक्षरी केली जाते आणि सेवा ती पडताळून पाहते. स्वाक्षरीची पद्धत भक्कम होती. परंतु किल्लीला मुदत नव्हती. ती कोणी मुद्दाम रद्द करेपर्यंत चालत असे आणि अभियंत्याच्या संगणकावर साध्या मजकुराच्या धारिकेत पडून राहत असे.

अशी धारिका नकळत अनेक ठिकाणी जाते : जुन्या लॅपटॉपवर, प्रतिसाठ्यात, सहकाऱ्याला पाठवलेल्या संदेशात, आणि सर्वांत घातक म्हणजे गिटहबसारख्या प्रोग्रॅम साठवण्याच्या सामायिक भांडारात. २०१६ मध्ये उबर या कंपनीच्या खासगी गिटहब भांडारात शिरलेल्या हल्लेखोरांना तेथे ॲमेझॉनच्या खात्याची किल्ली सापडली आणि तिच्या आधारे त्यांनी प्रवासी व चालक मिळून ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती मिळवली; हे प्रकरण नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झाले. सार्वजनिक भांडारात चुकून पडलेली किल्ली शोधण्यासाठी हल्लेखोरांची स्वयंचलित यंत्रे अहोरात्र फिरत असतात आणि किल्ली हाती लागताच परक्याच्या खर्चाने आभासी चलन निर्माण करण्यासाठी शेकडो यंत्रे सुरू करतात. बंगालच्या दस्तकाचे सर्व दोष या किल्लीत होते : ती दुसऱ्याच्या हाती गेली तरी चालत होती आणि आपण होऊन कधी संपत नव्हती.

मुदतीच्या अधिकारपत्राची रचना

यावर उपाय म्हणून २०११ मध्ये ॲमेझॉनने खात्यांतर्गत वेगवेगळ्या व्यक्तींना वेगवेगळे अधिकार देणारी आयॅम ही व्यवस्था सर्वांना खुली केली आणि त्याच वर्षी मुदतीची अधिकारपत्रे देणारी सिक्युरिटी टोकन सर्व्हिस, म्हणजे एसटीएस, आणली. २०१२ मध्ये क्लाउडमधील यंत्रांना आपोआप अशी अधिकारपत्रे मिळण्याची सोय झाली आणि सप्टेंबर २०१३ मध्ये सर्व सेवांसाठी एकच अधिकृत कमांड लाइन साधन सिद्ध झाले.

या व्यवस्थेत रोल, म्हणजे भूमिका, ही मध्यवर्ती कल्पना आहे. भूमिकेला स्वतःचा पासवर्ड किंवा कायमची किल्ली नसते. तिच्याजवळ दोन कागद असतात. ही भूमिका कोणी घ्यावी हे एक सांगतो आणि भूमिका घेतलेल्याला काय करता येईल हे दुसरा सांगतो. अभियंता आपली ओळख पटवून भूमिका मागतो. मागणी मान्य झाली तर एसटीएस त्याला तीन अक्षरमाला देते : तात्पुरता किल्ली-क्रमांक, तात्पुरती गुप्त किल्ली आणि सेशन टोकन. यांतील सेशन टोकन नवे आहे; प्रत्येक विनंतीसोबत ते पाठवावे लागते आणि त्यावरून सेवेला भूमिका व मुदत कळते. कायमच्या किल्लीचा क्रमांक ‘एकेआयए’ या अक्षरांनी सुरू होतो आणि तात्पुरत्या किल्लीचा ‘एएसआयए’ने, त्यामुळे धारिका उघडून पाहणाऱ्याला दोन्ही ओळखता येतात. भूमिकेची मुदत किमान १५ मिनिटे आणि नेहमीच्या रीतीने एक तास असते. मार्च २०१८ पासून ती जास्तीत जास्त १२ तासांपर्यंत वाढवता येते. एका भूमिकेवरून दुसरी भूमिका घेतल्यास मात्र एका तासाहून अधिक मुदत मिळत नाही. भूमिका मागताना आणखी एक अट जोडता येते, ती फक्त मुभा कमी करू शकते. मूळ भूमिकेपेक्षा अधिक अधिकार त्या वाटेने मिळवता येत नाही. मोर्तबेने पत्राचा शेवट बांधला जाई, तसा येथे अधिकाराचा विस्तार बांधलेला असतो.

राहिला प्रश्न पहिल्या ओळखीचा, कारण भूमिका मागण्यासाठीच कायमची किल्ली वापरावी लागली, तर धोका केवळ एक पायरी मागे सरकतो. डिसेंबर २०१७ मध्ये ॲमेझॉनने सिंगल साइन-ऑन, म्हणजे एकाच ओळखीवर अनेक खात्यांत प्रवेश, ही सेवा आणली. २०२२ मध्ये तिला आयॅम आयडेंटिटी सेंटर असे नाव मिळाले. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या कमांड लाइन साधनाच्या दुसऱ्या आवृत्तीत तिची सोय झाली. अभियंता लॉगिनची आज्ञा देतो, ब्राउझर उघडतो, तेथे तो संस्थेच्या नेहमीच्या ओळखीने आणि मोबाइलवरील किंवा छोट्या उपकरणातील दुसऱ्या खुणेने स्वतःला सिद्ध करतो, आणि कमांड लाइनला काही तासांचे अधिकारपत्र मिळते. संगणकावर कायमची किल्ली राहतच नाही. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या क्लाउडमध्येही याच स्वरूपाची अल्पजीवी टोकने वापरली जातात, आणि २०२१पासून गिटहबवरील स्वयंचलित कामांनाही कायमची किल्ली न ठेवता गिटहबच्या हमीवर क्लाउडकडून मुदतीचे अधिकारपत्र घेता येते. हमी देणाऱ्याच्या शब्दावर अनोळखीला प्रवेश देण्याची रीत यंत्रायंत्रांतही अशी रूढ झाली आहे.

महाराष्ट्राचा मुलूख आणि नवी जबाबदारी

हा विषय महाराष्ट्रापासून दूरचा नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापली क्लाउड केंद्रे सुरू केली. रायगड जिल्ह्यात पनवेल येथे योट्टा कंपनीचे मोठे डेटा सेंटर २०२० मध्ये चालू झाले. आणि जानेवारी २०१८ मध्ये राज्य शासनाने सार्वजनिक क्लाउड वापरण्याचे धोरण जाहीर केले. ज्या घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवू लागले, त्याच घाटाखालच्या पट्ट्यात आता अशा यंत्रशाळा उभ्या राहत आहेत, आणि रुग्णांच्या नोंदींपासून जमिनीच्या कागदांपर्यंत सामान्य माणसाचे जीवन अशा यंत्रशाळांत साठू लागले आहे. त्या नोंदींपर्यंत पोहोचणारी किल्ली कोणाच्या संगणकावर किती काळ पडून आहे, हा त्यामुळे नागरिकांच्याही हिताचा प्रश्न ठरतो.

कायद्यानेही मुदतीचे दोन आधार अनिवार्य केले आहेत. भारत सरकारच्या सर्ट-इन या संगणक-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळती ठेवायची आहेत आणि व्यवहारांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. मुदतीचा परवाना घड्याळावर उभा असतो. विनंतीवरील वेळ आणि सेवेची वेळ यांत काही मिनिटांहून अधिक तफावत पडली तर स्वाक्षरी नाकारली जाते. आणि कोणी, कोणत्या भूमिकेत, केव्हा काय केले याची नोंद नसेल, तर मुदत संपल्यावर काय घडून गेले ते कळण्याचा मार्ग उरत नाही. मराठी दप्तरातील रुजुवातीचे काम आज या नोंदी करतात.

मुदतीच्या मर्यादा

मुदतीचे अधिकारपत्र चोरीला जाऊच शकत नाही, असे मानणे चुकीचे ठरेल. २०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या क्लाउडमधील एका यंत्राला, रचनेतील त्रुटीचा फायदा घेऊन, स्वतःचेच तात्पुरते अधिकारपत्र हल्लेखोराला द्यायला भाग पाडले गेले आणि अमेरिकेतील सुमारे १० कोटी व कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती उघड झाली. भूमिकेची मुदत होती; परंतु तिची मुभा कामाच्या गरजेपेक्षा मोठी होती, आणि तितक्या अवधीत सारे काही नेता आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने यंत्राकडून अधिकारपत्र मागण्याची अधिक कडक पद्धत आणली. मुदतीसोबत मर्यादा हवीच, हे या घटनेने सिद्ध केले. शिवाय एकदा दिलेले तात्पुरते अधिकारपत्र एकेकटे परत घेणे सोपे नसते. बहुधा ठरावीक वेळेपूर्वी दिलेली त्या भूमिकेची सर्व अधिकारपत्रे अमान्य करावी लागतात. आणि या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी खात्याचा सर्वाधिकारी रूट राहतोच. त्याची ॲक्सेस की मुळात तयारच न करणे, त्याला दुसऱ्या खुणेचे बंधन घालणे आणि रोजच्या कामात त्याला हात न लावणे, हे प्रत्येक संस्थेचे पहिले कर्तव्य होय.

या दीर्घ इतिहासात एक बदल मात्र खरोखरच नवा आहे आणि त्याचे महत्त्व तांत्रिक सोयीपेक्षा मोठे आहे. मुद्राध्यक्षाची मुद्रा प्रजेने बाळगायची होती, कार्ताझ दुबळ्या व्यापाऱ्याने विकत घ्यायचा होता, टोकन कंपनीने नोकराच्या हाती द्यायचे होते. मुदत आणि मर्यादा ही नेहमी सत्ताधाऱ्याने दुसऱ्यावर घातलेली बंधने होती. क्लाउडचा कारभारी ती स्वतःवर घालतो. ज्याला सर्व काही करण्याचा अधिकार आहे, तोच सकाळी थोडा अधिकार मागून घेतो, तो नोंदवला जाऊ देतो आणि संध्याकाळी तो संपू देतो. ही शिस्त ज्या संस्था आपल्या अभियंत्यांत रुजवतील, त्यांच्याच हाती लोकांच्या नोंदी विश्वासाने सोपवता येतील.